एमसीए सीईटी: सेट्स, प्रोबॅबिलिटी आणि कोऑर्डिनेट जॉमेट्रीची प्रॅक्टिस नेमकी करायची कशी

तुझा प्रश्न असा आहे की बीसीए संपत आलंय, बारावीला कॉमर्सचं गणित होतं, त्यानंतर तीन वर्षं हात लागला नाही, आता महाराष्ट्राच्या एमसीए सीईटीला (एमसीएच्या प्रवेश परीक्षेला) साधारण ४५ दिवस उरलेत, फॉर्म्युले सगळे पाठ आहेत पण मॉकला गणितात ३० पैकी ९-१० च्या वर गाडी सरकत नाही आणि सगळ्यात जास्त मार्क सेट्स, प्रोबॅबिलिटी आणि कोऑर्डिनेट जॉमेट्रीत जातात, तर सर प्रॅक्टिस कशी करू. मी चौदा वर्षं या परीक्षेचं गणित शिकवतोय, हा प्रश्न दर वर्षी येतो आणि त्यातलं "फॉर्म्युले सगळे पाठ आहेत" हे वाक्य पण दर वर्षी येतं. खरी गडबड तिथेच आहे. हे तीनही टॉपिक असे आहेत की आधी चित्र काढायचं, मग बोटाने मोजायचं, आणि फॉर्म्युला सगळ्यात शेवटी, तो पण लागला तर. तुम्ही लोक नेमकं उलटं करता, प्रश्न दिसला की आधी डोक्यात फॉर्म्युला शोधता, सापडला की आकडे कोंबता आणि पर्यायात जवळपास दिसलं त्यावर क्लिक.

आधी वेळेचा हिशोब, कारण सगळी प्रॅक्टिस त्याभोवती बसवायचीय. १०० प्रश्न, २०० मार्क, ९० मिनिटं. मॅथ्स-स्टॅट्स ३०, रिझनिंग ३०, इंग्लिश २०, कॉम्प्युटर २०, निगेटिव्ह मार्किंग नाही (तरी यंदाचं माहितीपत्रक स्वतः उघडून बघ, क्लासच्या पोस्टरवर जाऊ नकोस). सरासरी एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात, पण सरासरीने कोणी पेपर सोडवत नाही, बीसीएवाल्यांना कॉम्प्युटर आणि इंग्लिश मिळून २२ मिनिटांत उरकता येतं, मग उरलेल्या ६० प्रश्नांना ६८ मिनिटं, म्हणजे एकाला मिनिटापेक्षा थोडं जास्त. एवढ्या वेळात एक छोटं चित्र आरामात निघतं. "चित्र काढायला वेळ नसतो सर" हे मी मानत नाही, वेळ जातो तो चुकलेलं परत सोडवण्यात.

सेट्सपासून सुरू कर, कारण पुढची प्रोबॅबिलिटी त्याच्याच खांद्यावर उभी आहे. हे गणित घे: ८० पोरं आहेत, जावा ४० जणांना येते, पायथन ३५, सी ३०. जावा-पायथन दोन्ही १५, पायथन-सी १२, जावा-सी १०, तिन्ही येणारे ५. तीन वर्तुळं काढ आणि आतून बाहेर भरत ये, कायम आतून बाहेर. मधोमध ५. मग जावा-पायथनच्या पाकळीत १५ लिहायचे नाहीत, त्या १५ मध्ये तिन्हीवाले ५ आधीच बसलेत म्हणून १०. तसंच पायथन-सी मध्ये ७, जावा-सी मध्ये ५. आता फक्त जावा म्हणजे ४० वजा १०, ५, ५ म्हणजे २०. फक्त पायथन १३, फक्त सी पण १३. सगळ्यांची बेरीज ७३, म्हणजे काहीच न येणारे ७. एवढं चित्र एकदा भरलं की त्यावर विचारता येईल तेवढं विचारू देत, नेमक्या दोन भाषा येणारे २२, किमान दोन येणारे २७, फक्त एक येणारे ४६.

आता यात पोरं कुठे पडतात ते सांगतो. "किमान दोन" विचारलं की १५ अधिक १२ अधिक १० करून ३७ लिहितात. तिन्हीवाले पाच जण तीनदा मोजले गेले हे लक्षातच येत नाही, आणि पेपर काढणारा काही भोळा नसतो, ३७ हा पर्याय तिथे ठेवलेलाच असतो. ताळा करायची एक सवय लाव: फक्त एकवाले, अधिक नेमके दोनवाल्यांची दुप्पट, अधिक तिन्हीवाल्यांची तिप्पट, हे सुरुवातीच्या तीन आकड्यांच्या बेरजेइतकं आलं पाहिजे. इथे ४६ + ४४ + १५ = १०५ आणि ४० + ३५ + ३० पण १०५. पाच सेकंदांचं काम आहे आणि मन शांत होतं.

दुसरी गोष्ट भाषेची. पेपर इंग्रजीत असतो आणि मराठी मीडियमच्या पोरांचं अर्धं गणित इथेच गळतं. ॲट लीस्ट, ॲट मोस्ट, एक्झॅक्टली, ओन्ली, नायदर-नॉर, हे पाच-सहा शब्द वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही आणि प्रत्येकासमोर आपल्या भाषेत अर्थ. ॲट लीस्ट टू म्हणजे दोन किंवा जास्त, ॲट मोस्ट टू म्हणजे शून्य, एक किंवा दोन, आणि यातला शून्य विसरायचा नाही, तो हमखास विसरला जातो. "जावा अँड पायथन" आणि "ओन्ली जावा अँड पायथन" मध्ये वरच्या गणितात १५ आणि १० इतका फरक आहे. हसू येईल पण प्रश्न वाचताना मनातल्या मनात त्याचं मराठी करायचं, माझे चांगले पर्सेंटाईल मिळवलेले कितीतरी विद्यार्थी हेच करायचे.

सेट्समधला राहिलेला भाग म्हणजे सबसेट, रिलेशन, फंक्शन मोजणं. इथे २ च्या घातांची ओळ तोंडपाठ हवी, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. एक जुना लाडका प्रश्न आहे, एका सेटचे सबसेट दुसऱ्या सेटच्या सबसेटपेक्षा ५६ ने जास्त, तर दोन्ही सेटमध्ये घटक किती. समीकरण मांडत बसू नकोस, ओळीकडे बघ, ६४ वजा ८, संपलं, ६ आणि ३. तीन घटकांच्या सेटवर रिलेशन (घटकांच्या कुठल्या जोड्या घ्यायच्या याची निवड) किती तर ३ गुणिले ३ चा तक्ता काढ, नऊ घरं, प्रत्येक घर भरायचं किंवा रिकामं ठेवायचं, म्हणून २ चा नववा घात, ५१२. रिफ्लेक्सिव्ह (प्रत्येक घटकाची स्वतःशी जोडी असलेलं) हवं तर कर्णावरची तीन घरं भरलेलीच पाहिजेत, उरली सहा, म्हणून ६४. बघ, फॉर्म्युला पाठ न करता आला ना. आणि रिकामा सेट आणि रिकामा सेट पोटात असलेला सेट हे दोन वेगळे, रिकामा डबा आणि रिकामा डबा ठेवलेली पिशवी, एवढं लक्षात ठेव आणि पुढे चल.

प्रोबॅबिलिटीवर मात्र जरा बसायला लागेल. पहिल्या दिवशी काहीही सोडवू नकोस, वहीत ६ बाय ६ चा तक्ता काढ, दोन फाशांचा, आणि ३६ च्या ३६ घरात बेरीज लिही. हाताने. मग विचार, निदान एका फाशावर सहा येण्याची प्रोबॅबिलिटी किती? नव्वद टक्के पोरं १२/३६ म्हणतात, म्हणजे सहा आणि सहा बारा (आकडा माझा अंदाजपंचे आहे, पण वर्गात बोलून बघितलंय). तक्त्यात शेवटची ओळ आणि शेवटचा स्तंभ रंगव, घरं ११ च भरतात कारण कोपऱ्यातलं सहा-सहा दोघांत कॉमन आहे. म्हणजे हा परत सेट्सचाच प्रश्न, युनियन म्हणजे बेरीज वजा कॉमन. तो तक्ता आठवडाभर टेबलासमोर चिकटवून ठेव.

मोजताना एक चूक मोठमोठ्यांनी केलेली आहे. दालांबेर नावाचा फ्रेंच गणिती, काही साधासुधा माणूस नाही, त्याने १७५४ साली लिहिलं की नाणं दोनदा उडवताना निदान एकदा छापा येण्याची प्रोबॅबिलिटी दोन तृतीयांश. त्याचं म्हणणं, पहिल्यांदाच छापा आला तर खेळ संपला, नाहीतर काटा-छापा, नाहीतर काटा-काटा, असे तीनच प्रकार, त्यातले दोन आपल्या बाजूचे. पण हे तीन प्रकार सारख्या वजनाचे नाहीत, पहिला एकटाच अर्धा आहे, बाकीचे दोन पाव-पाव. खरं उत्तर तीन चतुर्थांश. तेव्हा तुझं चुकलं तर फार वाईट वाटून घेऊ नकोस, पण प्रत्येक वेळी स्वतःला विचार, मी जे प्रकार मोजतेय ते सगळे सारख्या वजनाचे आहेत का.

पत्ते. हा एक वेगळाच किस्सा आहे, खूप घरांत पत्त्यांना हात लावू देत नाहीत, त्यामुळे पोरांना ५२ पत्त्यांत काय असतं हेच माहीत नसतं आणि ती "फेस कार्ड १६" लिहून येतात. ज्याने लहानपणी बदाम सात किंवा मेंढीकोट खेळलाय त्याला हे शिकवावं लागत नाही. तू सरळ पत्त्यांचा एक कॅट विकत आण, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, प्रत्येकी १३, टेबलावर मांड. चित्राचे पत्ते म्हणजे गुलाम, राणी, बादशहा, प्रत्येकी चार म्हणून १२, एक्का त्यात नाही. आता बादशहा किंवा बदाम येण्याची प्रोबॅबिलिटी, चार बादशहा बाजूला काढ, तेरा बदाम बाजूला काढ, बदाम-बादशहा एकच आहे, तो दोन्ही ढिगात जाऊ शकत नाही, म्हणून १६/५२ म्हणजे ४/१३. आई विचारेल काय चाललंय, सांग सीईटीचा अभ्यास.

आता म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह आणि इंडिपेंडंट, हे दोन शब्द एकच समजणं ही सगळ्यात महाग चूक. एक्सक्लुझिव्ह म्हणजे एका म्यानात दोन तलवारी न राहणं, एक घडलं की दुसरं घडूच शकत नाही. इंडिपेंडंट म्हणजे तुझ्या घरी आज पोहे झाले का आणि शेजाऱ्यांची गाडी पहिल्या किकला सुरू झाली का, दोन्ही घडू शकतं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. प्रश्न असा येतो: ए ची प्रोबॅबिलिटी ०.४, ए युनियन बी ची ०.७, तर बी ची किती. एक्सक्लुझिव्ह असतील तर ०.३. इंडिपेंडंट असतील तर बी ला प धर, ०.४ + प − ०.४प = ०.७, म्हणजे ०.६प = ०.३, म्हणून प = ०.५. मी स्वतः एका बॅचला हा प्रश्न फळ्यावर घेतला, इंडिपेंडंट असं ढळढळीत लिहिलेलं होतं, तास संपायची घाई, मी ०.३ लिहून मोकळा झालो. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी महिनाभर तोंड उघडत नव्हती, ती म्हणाली सर ०.५ येतंय. तेव्हापासून मी फळ्यावर गणित लिहिलं की आधी त्या एका शब्दाखाली रेघ मारतो मग पुढे जातो, तू पण रफ पेपरवर तेवढा एकच शब्द उतरवून घे.

लीप वर्षात ५३ रविवार हा प्रश्न सगळ्यांना पाठ आहे, ३६६ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि दोन दिवस, उत्तर २/७. पण ५३ रविवार किंवा ५३ सोमवार विचारलं की २/७ अधिक २/७ करून ४/७ लिहितात. उरलेल्या दोन दिवसांच्या जोड्या सातच आहेत, लिहून काढ, शनि-रवि, रवि-सोम, सोम-मंगळ या तीन चालतात, उत्तर ३/७. पिशवीतल्या चेंडूंत पहिला परत टाकला की नाही हे बघ: ५ लाल, ३ काळे, दोन काढले, निदान एक लाल हवा, तर उलट्या बाजूने जा, दोन्ही काळे यायची प्रोबॅबिलिटी एकातून वजा. परत न टाकता ३/८ × २/७, म्हणून उत्तर २५/२८, परत टाकून ३/८ × ३/८, उत्तर ५५/६४. दोन्ही पर्यायात असतील असंच समजून चाल. बायनॉमियलचा मीन ४, व्हेरिअन्स ३ असा प्रश्न आला तर ३ भागिले ४ म्हणजे क्यू (एका प्रयोगात अपयशाची प्रोबॅबिलिटी), उरलेला पाव म्हणजे पी (यशाची), आणि मीन म्हणजे प्रयोग गुणिले पी, म्हणून ४ भागिले पाव, १६ प्रयोग, वीस सेकंदांत सुटतो. पॉयसनचा मीन आणि व्हेरिअन्स सारखाच असतो, सुरुवातीला तेवढं पुरे.

कोऑर्डिनेट जॉमेट्रीत पोरं घाबरतात ती फॉर्म्युल्यांच्या गर्दीला. माझा उपाय थोडा वेगळा आहे, पन्नास गणितं करू नकोस, एकच रेषा घे आणि तिला पिळून काढ. रेषा ३क्ष + ४य = १२ (टाईप करायला सोपं म्हणून क्ष-य लिहितोय, पेपरात अर्थातच इंग्रजी अक्षरं). चौकटीच्या कागदावर काढ. य शून्य ठेवला तर क्ष ४, क्ष शून्य ठेवला तर य ३, दोन ठिपके जोडले की रेषा तयार. उतरती आहे म्हणून स्लोप (चढ) उणे, −३/४. अक्षांबरोबर काटकोन त्रिकोण झाला, क्षेत्रफळ ६. कर्ण ५. ओरिजिनपासून, म्हणजे (०, ०) पासून, रेषेचं अंतर १२/५, फॉर्म्युल्याने पण येतं आणि क्षेत्रफळाच्या दुपटीला कर्णाने भागून पण येतं, दोन्ही करून बघ. सेंट्रॉइड, म्हणजे मध्यगा मिळतात तो बिंदू, (४/३, १). ऑर्थोसेंटर, म्हणजे शिरोलंब मिळतात तो बिंदू, काटकोनाच्या टोकाला म्हणजे ओरिजिनवरच. सर्कमसेंटर, म्हणजे तिन्ही टोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र, कर्णाच्या मध्यावर, (२, १.५). अंतर्वर्तुळाची त्रिज्या (३ + ४ − ५) भागिले २ म्हणजे १, म्हणून त्याचं केंद्र, इनसेंटर, (१, १). ओरिजिनमधून जाणारी लंब रेषा ४क्ष − ३य = ०, ती मूळ रेषेला (३६/२५, ४८/२५) ला भेटते, आणि ओरिजिनची आरशातली प्रतिमा त्याच्या दुप्पट, (७२/२५, ९६/२५). कर्ण व्यास धरून वर्तुळ काढलं तर क्ष² + य² − ४क्ष − ३य = ०, आणि ते ओरिजिनमधून जातंच, अर्धवर्तुळातला कोन काटकोन हे शाळेतलंच.

एवढ्या एका रेषेत सरळ रेषेच्या धड्यातला निम्म्याहून जास्त माल आला. आणि आता गंमत बघ, क्ष १ ते ४ आणि य १ ते ३ यातला कुठलाही एक पूर्णांक बिंदू उचलला तर तो त्रिकोणाच्या आत असण्याची प्रोबॅबिलिटी किती? बिंदू एकूण १२, आत फक्त (१,१), (१,२), (२,१). म्हणजे पाव. सेट, मोजणी, रेषा सगळं एकाच चित्रात, म्हणून म्हणतोय हे तीन धडे वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या वहीत करू नकोस.

ठरलेले खड्डे सांगून ठेवतो. समांतर रेषांमधलं अंतर काढताना ३क्ष + ४य = १२ आणि ६क्ष + ८य = ५ दिलं की हात शिवशिवतात १२ वजा ५ करायला, आधी दुसरी रेषा २ ने भाग, उजवीकडे २.५ येतं, मग ९.५ भागिले ५, उत्तर १.९. वर्तुळात क्ष² आणि य² च्या आधी २ असेल तर पहिलं काम २ ने भागणं. क्ष² + य² − ६क्ष + ८य = ० दिसलं की केंद्र (३, −४), म्हणजे निम्मं करून चिन्ह उलटं, त्रिज्या ५. ओरिजिन (२, ३) ला सरकवला तर (५, ७) चा बिंदू (३, ४) होतो, वजा होतं, मिळवायचं नाही, कारण तू जिथे उभी आहेस ती जागा सरकली, बिंदू नाही हलला. पॅराबोला, एलिप्स, हायपरबोला यांचं स्टँडर्ड रूप, फोकस, लॅटस रेक्टम, एक्सेंट्रिसिटी एवढं एका पानावर लिही आणि रोज एकदा नजरेखालून घाल, ४५ दिवसांत यात खोल शिरायला मी सांगणार नाही.

आणि पर्यायांचा वापर कर गं. समीकरण शोधायचं असेल आणि रेषा (२, १) मधून जाते दिलं असेल तर चारही पर्यायात (२, १) टाकून बघ, बऱ्याचदा दोन जागच्या जागी उडतात. चार पर्यायांतले दोन उडाले तर राहिलेल्या दोनांत डोळे मिटून टिक केली तरी २० प्रश्नांत सरासरी १० बरोबर, म्हणजे २० मार्क, काहीच न उडवता टिक केली तर सरासरी ५. निगेटिव्ह नाही म्हटल्यावर कोरं सोडणं हा गुन्हा आहे, तरी दर वर्षी कोणीतरी पाच-सहा प्रश्न कोरे ठेवून येतंच.

साहित्य म्हणशील तर महागडे सेट घ्यायची गरज नाही. बालभारतीचं अकरावी सायन्सचं गणित घे, भाग १ मध्ये सरळ रेषा, वर्तुळ, शंकूच्छेद आणि संभाव्यता आहे, भाग २ मध्ये संच आणि संबंध, फलनं. रेषांची जोडी बारावीत भाग १ ला. तुझं कॉमर्स होतं म्हणून ही पुस्तकं कधी उघडली नसशील, सोडवलेली उदाहरणं आधी झाकून स्वतः कर, मग बघ. पहिले २० दिवस घड्याळ लावू नकोस, रोज १५ गणितं, चित्रासकट. त्यानंतर २० प्रश्न २० मिनिटांत, एक दिवसाआड. आणि चुकांची वही, पण "काळजीपूर्वक वाचणे" असलं गुळमुळीत लिहू नकोस, चुकलेल्या गणितापुढे तीनपैकी एकच अक्षर: वाचायला चुकलं तर वा, मोजायला चुकलं तर मो, येतच नव्हतं तर ना. आठवड्याने अक्षरं मोज. तुझ्यासारख्यांच्या वहीत वा सगळ्यात जास्त निघतात असा माझा अनुभव, आणि तसं निघालं तर नवीन धडा उघडायचा नाही, जुनीच गणितं परत वाचायची.

आज रात्रीसाठी एक काम देतो. ५क्ष + १२य = ६० ही रेषा घे आणि वर ३क्ष + ४य ची जेवढी पिसं काढली तेवढी हिची काढ, क्षेत्रफळ, कर्ण, ओरिजिनपासून अंतर, चारही सेंटर, लंबपाद (ओरिजिनमधली लंब रेषा मूळ रेषेला भेटते तो बिंदू), प्रतिमा, व्यासावरचं वर्तुळ. पुस्तक बंद करून. अंतर्वर्तुळाची त्रिज्या २ यायला हवी, नाही आली तर इंटरसेप्ट (रेषा अक्षांना छेदते ते आकडे) आणि कर्ण बरोबर काढलेस का ते आधी तपास, आणि वहीचा फोटो पाठव, नुसतं उत्तर नको, चित्र दिसलं पाहिजे.